कॉलेज फुटबॉल संघाचे मानधनाचे अंदाजपत्रक कसे ठरवावे : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत क्रीडा व्यवस्थापन किंवा डेटा विश्लेषण शिकायला आलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना कधी कधी विद्यापीठाच्या फुटबॉल कार्यालयात सहायक म्हणून काम मिळते. पहिल्याच आठवड्यात समोर एक तक्ता येतो, त्यात शंभरावर नावे असतात आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना रिकामा असतो. त्या रकान्यात किती डॉलर लिहायचे, हे ठरवायला मदत करणे हे आपले काम. येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. मी अशा एका कार्यालयात काही हंगाम काम केले असून सुरुवातीला मला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, अशा गोष्टी येथे क्रमाने मांडत आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे, कारण ती ठाऊक नसेल तर आकडे अधांतरी वाटतात. विद्यापीठीय खेळाडूंना १ जुलै २०२१ पासून स्वतःचे नाव आणि प्रतिमा वापरू देण्याबद्दल बाहेरच्यांकडून पैसे घेण्याची मुभा मिळाली, परंतु विद्यापीठ स्वतः त्यांना थेट पैसे देऊ शकत नव्हते. ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाऊस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाव्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजुरी दिली आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे आपल्या महसुलातला वाटा खेळाडूंना थेट देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. मोठ्या परिषदांमधील (परिषद म्हणजे एकत्र स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) विद्यापीठांच्या सरासरी क्रीडा महसुलाच्या २२ टक्के, या हिशेबाने ती काढलेली आहे.

आधी खरी रक्कम काढा

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की फुटबॉल संघाच्या हाती २ कोटी ५ लाख डॉलर आहेत. तसे नसते. ही मर्यादा संपूर्ण क्रीडा विभागाची आहे आणि तडजोडीनंतर नव्याने वाढवलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी २५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम याच मर्यादेत मोजली जाते. विद्यापीठाने तेवढ्या शिष्यवृत्त्या दिल्या असतील तर रोख वाटपासाठी १ कोटी ८० लाख उरतात. त्यातून पुरुषांचे बास्केटबॉल, महिलांचे बास्केटबॉल आणि इतर खेळ यांचे वाटे जातात. अनेक मोठ्या विद्यापीठांनी फुटबॉलला साधारण ७५ टक्के देण्याचा मार्ग धरला आहे. त्या हिशेबाने आपल्या तक्त्यासाठी १ कोटी ३५ लाख डॉलर येतात. पुढची सर्व उदाहरणे मी याच रकमेवर केलेली आहेत. आपल्या विद्यापीठाचा आकडा वेगळा असेल आणि लहान विद्यापीठात तो याच्या एक दशांशही नसेल, पण रीत तीच लागू पडते.

हे वर्ष १ जुलै ते ३० जून असे मोजले जाते, हे विसरू नका. जानेवारीत करारबद्ध केलेल्या खेळाडूला जूनपर्यंत दिलेले हप्ते चालू वर्षाच्या मर्यादेतून जातात आणि जुलैपासूनचे हप्ते पुढच्या वर्षाच्या. त्यामुळे तक्त्यात प्रत्येक खेळाडूपुढे वार्षिक रकमेचा एकच रकाना न ठेवता महिन्यागणिक बारा रकाने ठेवावेत. हे कंटाळवाणे वाटते खरे, पण मे महिन्यात रक्कम संपल्याचे कळण्यापेक्षा ते बरे.

बाहेरच्या पुरस्कर्त्यांकडून मिळणारे पैसे या मर्यादेत धरले जात नाहीत, म्हणून प्रत्येक कार्यालयाला त्यांचा मोह होतो. मात्र ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक बाहेरचा करार, तडजोडीनंतरचे नियम राबवणाऱ्या कॉलेज स्पोर्ट्स कमिशनच्या ‘एनआयएल गो’ या व्यवस्थेत नोंदवावा लागतो. विद्यापीठाशी निगडित देणगीदारांचा करार असेल तर त्यामागे खरा व्यावसायिक हेतू आहे का आणि रक्कम वाजवी आहे का, हे तेथे तपासले जाते. असा करार मंजूर होईपर्यंत तक्त्यात त्याची किंमत शून्य लिहावी. खेळाडूच्या आईवडिलांना ‘एवढे आम्ही देऊ, तेवढे बाहेरून येतील’ असे सांगून नंतर बाहेरचे पैसे आले नाहीत, तर शब्द विद्यापीठाचाच जातो.

कोण आहे, कोण जाणार, कोण उरणार

संघात कमाल १०५ खेळाडू ठेवता येतात. पूर्वी शिष्यवृत्त्यांची मर्यादा ८५ होती. आता १०५ पर्यंत सर्वांना शिष्यवृत्ती देता येते, परंतु सर्वांना मानधन द्यावे असे बंधन नाही. पहिल्यांदा मैदानावरच्या प्रत्येक जागेनुसार माणसे लिहा आणि प्रत्येकाचे किती हंगाम शिल्लक आहेत ते पुढे नोंदवा. २०२५ च्या हंगामापर्यंतचा नियम असा होता की पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात आणि एखाद्या वर्षी चारपेक्षा अधिक सामने न खेळल्यास तो हंगाम शिल्लक राहतो. या एका नियमामुळे एखादा मुलगा कागदावर तिसऱ्या वर्षाला असला तरी त्याच्याकडे खेळाची तीन वर्षे असू शकतात. पैसे गुंतवताना ही शिल्लक वर्षे फार मोलाची ठरतात.

मग तीन रंग वापरा: नक्की जाणारे, नक्की राहणारे आणि मन डळमळीत असलेले. तिसऱ्या रंगाची यादी एकट्याने बनवू नका. ज्या सहायक प्रशिक्षकाच्या खोलीत तो मुलगा रोज बसतो, त्याला विचारा. तक्त्यातून जे दिसत नाही ते त्याला दिसते. कोणाला पुरेसा खेळ मिळत नाही, कोणाचे वडील नाराज आहेत, कोणाच्या जुन्या प्रशिक्षकाने दुसरीकडे नोकरी धरली आहे, हे सारे त्यालाच ठाऊक असते.

मोल कसे मोजावे

या कामाचा गाभा येथे आहे, म्हणून येथे मी थोडा रेंगाळणार आहे.

नवखा माणूस विचारतो की हा खेळाडू किती चांगला आहे. विचारायला हवे ते असे: हा खेळाडू उद्या नसेल, तर त्याच्या जागी प्रत्यक्षात कोण उभा राहील, आणि त्या दोघांमध्ये अंतर किती आहे? पैसे त्या अंतराचे द्यायचे असतात.

माझ्या मनात रुतून बसलेला एक प्रसंग सांगतो. डिसेंबरची संध्याकाळ होती. ज्या विद्यापीठात मी काम करत होतो, तेथील कार्यालयाच्या भिंतीवर मोठा पांढरा फळा होता आणि त्यावर प्रत्येक खेळाडूच्या नावाची चुंबकपट्टी चिकटवलेली होती. दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या. एक होता रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, देखणा खेळ करणारा आणि शहरभर ओळखला जाणारा. दुसरा होता डावा टॅकल, म्हणजे आक्रमक फळीतला तो धिप्पाड मुलगा जो उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागची, त्याला न दिसणारी बाजू राखतो. आमच्या शंभरपैकी गुणांच्या पद्धतीत रिसीव्हरला ८४ गुण होते आणि टॅकलला ७८. रिसीव्हर ७ लाख डॉलर मागत होता, टॅकल साडेचार लाख. दोघांनाही ठेवण्याइतके पैसे उरलेले नव्हते.

रिसीव्हरच्या मागे बसलेला मुलगा ७६ गुणांचा होता. टॅकलच्या मागे होता तो पहिल्या वर्षाचा, ५५ गुणांचा, अजून अंगात ताकद भरायची असलेला. म्हणजे रिसीव्हर गेला तर ८ गुणांचे नुकसान, टॅकल गेला तर २३ गुणांचे. रिसीव्हरसाठी आम्ही प्रत्येक गुणामागे ८७,५०० डॉलर देणार होतो आणि टॅकलसाठी सुमारे १९,६००. त्यात टॅकल जवळपास प्रत्येक आक्रमक डावाला (येथे डाव म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून खेळ थांबेपर्यंतची एक चाल) मैदानात असतो, तर रिसीव्हर मधून मधून बाहेर येतो. हे गणित माझ्या वहीत होते, पण मी ते मोठ्याने मांडले नाही. आम्ही रिसीव्हर ठेवला. टॅकल दुसऱ्या विद्यापीठात गेला. पुढच्या हंगामात चौथ्या सामन्यात आमच्या क्वार्टरबॅकला त्याच डाव्या बाजूने आलेल्या बचावपटूने आडवे केले आणि त्याचा खांदा निखळला. तो वीस वर्षांचा मुलगा मैदानाच्या कडेला खांद्यावर बर्फ धरून बसला होता, ते मला अजून दिसते. त्यानंतर रिसीव्हरकडे चेंडू पोचवणारेच कोणी उरले नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक नावापुढे तीन आकडे लिहितो: त्याचे गुण, त्याच्या जागी प्रत्यक्षात मिळू शकणाऱ्याचे गुण आणि हंगामात तो अंदाजे किती डाव मैदानात असेल. बारा सामन्यांत एका बाजूचे साधारण आठशे डाव होतात. आक्रमक फळीतले पाचही जण आणि क्वार्टरबॅक, दुखापत टळली तर, ते जवळजवळ सगळे खेळतात. बचावाच्या फळीतले धिप्पाड खेळाडू आलटून पालटून खेळतात, म्हणून तेथे एका मोठ्या नावापेक्षा चार-पाच चांगली माणसे अधिक उपयोगी पडतात. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक लोकांचा लाडका असतो, पण त्याच्या जागी बरा माणूस सहज मिळतो आणि त्याचे शरीर लवकर झिजते, म्हणून माझ्या मते त्याच्यावर मोठी रक्कम लावू नये. यावर वाद घालणारे प्रशिक्षक भेटतील. त्यांचे ऐकून घ्यावे आणि त्यांना तेच तीन आकडे दाखवावेत.

२०२५ च्या हंगामात टेक्सस टेक विद्यापीठाने दुसऱ्या विद्यापीठांतून बदली घेऊन आलेल्या खेळाडूंवर मोठा खर्च केला. त्यातला महत्त्वाचा भाग बचावाच्या आघाडीवर होता आणि स्टॅनफर्डहून आलेला एज रशर, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा बचावपटू, डेव्हिड बेली हा त्याचा चेहरा ठरला. त्या बचावाच्या जोरावर त्यांनी प्रथमच बिग १२ परिषदेचे विजेतेपद मिळवले. पुढे हंगामाअखेरच्या ऑरेंज बाउल सामन्यात ऑरेगनने त्यांना २३-० असे हरवले. बचाव उत्तम असून आक्रमणाला एकही गुण करता आला नाही. फळी मजबूत करण्याचा निर्णय योग्यच होता, परंतु संघाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे पाहण्याची गरजही तेवढीच असते.

बाजारभाव आणि आपला आकडा

मोल ठरल्यावर भाव येतो आणि या दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवाव्यात. आपण आयपीएलचा लिलाव पाहत मोठे झालेले असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाह येथे ऋषभ पंतवर लखनौने २७ कोटी रुपये लावले, तेव्हा प्रत्येक संघाकडे एकूण १२० कोटींची थैली होती, हे सर्वांना ठाऊक होते आणि हातोडा सर्वांसमोर पडला. येथे हातोडाच नाही. करार जाहीर होत नाहीत, वर्तमानपत्रांतले आकडे बहुधा एजंटांकडून आलेले असतात आणि प्रत्येक एजंट सांगतो की दुसऱ्या विद्यापीठाने यापेक्षा जास्त देऊ केले आहे.

अशा वेळी दोन आधार घ्यावेत. पहिला, आपण स्वतः गेल्या दोन वर्षांत केलेले आणि हुकलेले सौदे. हुकलेल्या सौद्यांची नोंद बहुतेक जण ठेवत नाहीत, पण बाजारभाव त्यातूनच कळतो. दुसरा आधार व्यावसायिक लीगचा, कारण एनएफएलमधील करार उघड असतात. २०२५ मध्ये तेथे प्रत्येक संघाची वेतनमर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर होती आणि सर्वांत महागड्या क्वार्टरबॅकचा करार वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा, म्हणजे मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक. त्यावरून कोणत्या जागेला तुलनेने किती किंमत आहे याचा अंदाज येतो. रक्कम जशीच्या तशी उचलू नये, फक्त प्रमाण पाहावे.

घासाघीस करताना राज्याचा कर ध्यानात ठेवा. खेळाडू सामान्यतः कर्मचारी मानले जात नाहीत, त्यामुळे रक्कम कर न कापता हाती येते आणि कर नंतर स्वतः भरावा लागतो. टेक्सस, फ्लोरिडा आणि टेनेसी या राज्यांत वेतनावर राज्याचा प्राप्तिकर नाही, तर कॅलिफोर्नियात त्याचा सर्वोच्च दर १३.३ टक्के आहे. अठरा वर्षांच्या मुलाला हे कोणी समजावून सांगितलेले नसते. आपले राज्य करमुक्त असेल तर ते शांतपणे समजावून सांगणे आपल्याही हिताचे आहे आणि त्याच्याही.

आधी घरचे, मग बाहेरचे

वाटपाचा क्रम मी असा ठेवतो: प्रथम संघात असलेले आणि राहावेत असे वाटणारे खेळाडू, त्यानंतर शाळेतून येणारे, आणि शेवटी दुसऱ्या विद्यापीठांतून बदली घेणारे. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागण्याची चूक या धंद्यात दरवर्षी कोणी ना कोणी करतो. आपल्या मुलाची दुखापत, झोप, अभ्यास आणि स्वभाव आपल्याला ठाऊक असतो, तर बाहेरच्याचा फक्त चित्रफितीतला खेळ. तारखाही हाच क्रम सुचवतात. शाळकरी खेळाडूंच्या सह्या डिसेंबरच्या सुरुवातीला होतात, तर २०२६ साठी बदलीची खिडकी, म्हणजे विद्यापीठ बदलता येण्याचा ठरलेला काळ, २ ते १६ जानेवारी अशी एकच होती. त्यामुळे आपल्या मुलांशी नोव्हेंबरमध्येच बोलणी पूर्ण व्हायला हवीत. ती जानेवारीत सुरू केली, तर तो संवाद न राहता लिलाव होतो.

याचा अर्थ बाहेरून कोणी आणूच नये असा नाही. इंडियानाने २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा याला आणले, त्याने सर्वोत्कृष्ट कॉलेज फुटबॉलपटूला दिला जाणारा हाइझमन पुरस्कार मिळवला आणि संघ राष्ट्रीय विजेता झाला. पण त्या संघात प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांच्याबरोबर आधीच जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आलेले, त्यांना आतून-बाहेरून ठाऊक असलेले खेळाडू होते आणि त्यांतले अनेक जण मूळचे फार नावाजलेले नव्हते. मला त्यात शिकण्यासारखे जास्त दिसते. माहिती असलेला खेळाडू स्वस्त पडतो.

आकडे मांडणे

१ कोटी ३५ लाखांच्या उदाहरणात मी सुरुवातीला अशी विभागणी मांडेन: क्वार्टरबॅकच्या जागेसाठी १५ टक्के, आक्रमक फळीला २०, बचावाची फळी आणि एज रशर मिळून २०, मागच्या बचावपटूंना १२, रिसीव्हरना ११, लाइनबॅकरना (बचावाच्या फळीमागे उभे राहणारे) ६, रनिंग बॅक आणि टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि चेंडूही झेलणारा) यांना प्रत्येकी ४ आणि चेंडू लाथाडणाऱ्यांना १. यांची बेरीज ९३ होते. उरलेले ७ टक्के, म्हणजे साडेनऊ लाखांच्या आसपास, कोणाच्याही नावे लिहू नयेत. जानेवारीच्या खिडकीत शेवटच्या दोन दिवशी एखादा टॅकल अचानक उपलब्ध होतो, तेव्हा ज्याच्या हाती राखीव रक्कम असते त्यालाच तो मिळतो.

ही टक्केवारी म्हणजे आरंभबिंदू समजावा. आपला क्वार्टरबॅक दुसऱ्या वर्षाचा, उमदा आणि राहायला राजी असेल तर तेथे १० टक्के पुरतील आणि उरलेले फळीला देता येतील. जागेची टक्केवारी बदलताना मात्र पैसे नेमक्या कोणत्या जागेतून काढले ते त्याच ओळीत लिहावे. नाहीतर प्रत्येक प्रशिक्षक आपल्या जागेच्या खेळाडूंसाठी थोडे थोडे मागत जातो आणि बेरीज १०८ होते.

लाथाडणाऱ्यांच्या एका टक्क्यात एक अडचण दडलेली असते. अमेरिकी कॉलेजांतले बरेच पंटर, म्हणजे लाथेने चेंडू दूर मारणारे खेळाडू, ऑस्ट्रेलियातून आलेले असतात आणि ते एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असतात. त्या व्हिसावर कामाचे पैसे घेण्यावर किती बंधने असतात, हे येथे शिकलेल्या आपल्या मुलांना वेगळे सांगायला नको. अशा खेळाडूच्या नावापुढे आकडा लिहिण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचे लेखी उत्तर घ्या. येथे चूक झाली तर विद्यापीठाला फार तर दंड बसेल, पण त्या मुलाचे देशात राहणेच धोक्यात येते.

करार आणि त्यानंतर

कराराचे कलम लिहिणे वकिलांचे काम आहे, परंतु तीन गोष्टी आपण तपासाव्यात. रक्कम मासिक हप्त्यांत विभागलेली असावी. मुदतीआधी सोडून गेल्यास उरलेल्या रकमेचे काय होईल आणि नव्या विद्यापीठाने किती भरपाई द्यावी हे स्पष्ट असावे. दुखापतीमुळे खेळता आले नाही तर हप्ते थांबणार नाहीत, हेही लिहिलेले असावे. तिसऱ्या मुद्द्यावर मी आग्रही आहे. ज्या खेळात शरीर पणाला लावावे लागते, तेथे शरीर मोडल्यावर पैसे तोडणे मला योग्य वाटत नाही आणि असे एकदा घडले की ते उरलेल्या शंभर मुलांच्या लक्षात राहते.

आकडे गुप्त राहतील असे समजू नका. मुले एकमेकांना सांगतात. म्हणून एकाच जागेवर, एकाच वर्षाच्या दोन मुलांच्या रकमेत मोठा फरक असेल, तर त्याचे कारण प्रशिक्षकाला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर आकडा बहुधा चुकलेला असतो.

खिडकी बंद झाली की तक्त्याची एक प्रत तारखेसह वेगळी ठेवा आणि प्रत्येक मोठ्या निर्णयापुढे त्या वेळचे कारण लिहा: कोणते गुण धरले, त्याच्या जागी कोण मिळणार होता, एजंटाने काय मागितले, आपण कुठे थांबलो. हंगाम संपल्यावर डिसेंबरमध्ये तीच प्रत उघडा, प्रत्येक खेळाडू प्रत्यक्षात किती डाव खेळला ते शेजारच्या रकान्यात भरा, आणि ज्या तीन नावांपुढे अंदाज सर्वांत जास्त चुकला असेल त्यांच्यापासून नव्या वर्षाच्या बैठकीला सुरुवात करा.